छातीवरचा भोंगा, रिव्हिजन चार

मला आता बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. येत असतं तर तुम्हाला समोर बसवून सगळ्यांचे आवाज काढून दाखवले असते. डॉक्टर, सिस्टर, रेडिएशनवाली दीदी, आई, बाबा, आणि स्कॅनचं ते मशीन, जे "साँस रोकिए" म्हणतं आणि मग सोडायला सांगायला इतका वेळ लावतं की वाटतं, विसरलं बहुतेक.

शाळा हिंदीत झाली, मराठी फक्त घरात. तेव्हा मध्ये कुठे हिंदी सांडलं तर पुसून घ्या.

आणि एक आधीच सांगून टाकतो. यात शेवटी मी बरा होत नाही. तुम्ही हे कुठल्यातरी वेटिंग हॉलमध्ये फोनवर वाचत असाल, शेजारी फाइल धरून तुमचं माणूस बसलं असेल, तर "मी कसा जिंकलो" छापाची शंभर पानं तुम्हाला मिळतील. ती जरूर वाचा. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांना ती वाचून जास्त एकटं वाटतं.

कॉम्प्रेसर

आमची टाउनशिप कारखान्याची. क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, आणि सकाळ-संध्याकाळसुद्धा कारखान्याचीच, कारण ती भोंग्यावर ठरते. बाबा तिथे ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. अमरावतीहून ट्रेनी म्हणून या हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले.

सहावीत असताना मी गच्चीवर चढून पाचचा भोंगा चार वाजता वाजवला. तोंडाने. आमच्या ब्लॉकमधल्या सहाही घरांत चहा चढला. एक तास चहा उकळत राहिला आणि नवरे काही येईनात. आईने बाबांच्या पुढ्यात कप ठेवला तेव्हा त्यात चमचा उभा राहिला असता.

"तोंड आहे का कॉम्प्रेसर?" बाबा ओरडले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सुरुवात बरोबर आहे. पण शेवटी तो खाली उतरतो ना, तेव्हा थोडा थरथरतो. ते राहिलं."

बाबा असे आहेत. रागावतानासुद्धा माप घेतात.

पुढे भोंगा हाच माझा शेवटचा आयटम झाला. कॉलेजात, लग्नांत, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. दोन वर्षांपूर्वी त्याच स्टेजवर सगळे "भोंगा! भोंगा!" करत होते, मी छाती भरून तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. लोकांना वाटलं हाच जोक आहे. आयुष्यात एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता.

आईने ज्येष्ठमध दिलं. हळदीचं दूध दिलं. "बडबड कमी कर मंद्या," हे औषध तर ती जन्मापासून देत होतीच. दीड महिना गेला. मग खोकला, मग जिना चढताना धाप, मग एक्स-रे.

एमएम में बताइए

साकेत नगरच्या बाजूला मोठ्या हॉस्पिटलात आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. ज्यांच्या घरात असा दिवस यायचाय त्यांना एवढंच सांगतो, पुढच्या दहा मिनिटांत तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही. कोणीतरी लिहून घ्यायला हवं. आमच्यात बाबांनी लिहून घेतलं.

छातीत, हृदयाच्या वर, गाठ. तिने आवाजाची नस दाबलेली. लिंफोमा.

बाबांनी विचारलं, "सर, साइज़ कितना है?"

"बड़ा है."

"नहीं सर, एमएम में. तीनों तरफ़ से."

डॉक्टरांनी रिपोर्ट फिरवून दिला. बाबांनी तीन आकडे उतरवले, खाली रेघ मारली. मी हसलो. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, इथून पुढे मी हसलो तरी ती रडणार.

"देखिए," डॉक्टर म्हणाले, "ये ज़्यादातर ठीक हो जाने वाला कैंसर है." आई-बाबांनी "ठीक" पकडला. मी "ज़्यादातर" पकडला.

मग आईने तिच्या त्या हिंदीत विचारलं, "और इसका आवाज? आवाज वापस आयेगा ना?"

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

नकला करणाऱ्याची ही एक कटकट असते. माणूस बोलायच्या आधी त्याचे हात कळतात. आमचे डॉक्टर चांगलं सांगायचं असेल तर लिहीत लिहीत बोलतात. लिहिण्यासारखं काही नसेल तर आधी पेन बंद करतात, मग चष्मा वर ढकलतात, मग "देखते हैं". पुढच्या वर्षभरात ही नक्कल मी वॉर्डात इतकी केली, बिनआवाजाची, नुसत्या हातांची, की शेजारच्या बेडवरचे विदिशाचे काका सलाइन लावलेल्या हाताने टाळ्या वाजवायचे आणि सिस्टर त्यांनाच रागवायची.

किमोचे सहा महिने मी इथे लिहीत नाही. तुम्ही त्यातून जात असाल तर तुम्हाला माहीत आहे. जात नसाल तर बरं आहे.

उटणं थोडंच साबण आहे

किमोनंतर गाठ अर्धी राहिली. उरलेलीसाठी रेडिएशन ठरलं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. पहिल्या दिवशी टेबलावर झोपवून, हात डोक्यावर घेऊन, रेडिएशनवाल्या ममता दीदीने छातीवर जांभळ्या मार्करने रेघा मारल्या. मशीन रोज त्याच जागी लागायला हवं म्हणून.

"इन पे साबुन नहीं लगाना," तिने आईला बाहेर येऊन सांगितलं. "रगड़ना नहीं, मिटाना नहीं. समझ गईं ना, आंटी?"

"समझ गयी," आई म्हणाली. आणि तिला खरंच समजलं होतं. घरी येऊन तिने माझा साबण कपाटात ठेवून दिला.

चार दिवसांनी नरक चतुर्दशी. आईने पहाटे उठवलं, पाट, रांगोळी, वाटीत कोमट तेल. वर्षभर माझ्या अंगाला फक्त ग्लोव्ह्ज घातलेले हात लागले होते. आईने पाठीला तेल लावलं, खांद्यांना लावलं, मग छातीवर उटणं चोळलं, दरवर्षी चोळते तसं, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला दिसत होतं. जांभळा रंग उटण्यात मिसळून ओघळत होता. मी थांबवू शकलो असतो. कुजबुजता तर येत होतं. पण इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटून घेतले. चूक आईची म्हणतात सगळे. अर्धी माझी आहे, हे मी पहिल्यांदा इथे कबूल करतोय.

त्याच सकाळी हॉस्पिटलात ममता दीदीने माझा शर्ट उघडला आणि किंचाळली, "ये किसने किया?"

"दिवाली थी ना," आई म्हणाली. "साबुन नहीं लगाया मैंने. उटना लगाया."

"क्या लगाया?"

"उटणं थोडंच साबण आहे?" आई माझ्याकडे वळून म्हणाली. तेव्हा तिला कळलं. तिचा चेहरा मी कधी कोणाला करून दाखवला नाही, दाखवणारही नाही.

सुट्ट्या, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मापं. चार दिवस गेले. या वेळी दीदीने रेघांच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं. शाईचा थेंब आणि सुई. छातीच्या मधोमध दोन ठिपके, एकाखाली एक, आणि दोन्ही कुशींत एकेक. तिळाएवढे, निळसर, कायमचे.

"अब मम्मी भी नहीं मिटा पाएँगी," दीदी म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा आई बाकावर पर्स पोटाशी धरून बसलेली. मी कानाशी जाऊन कुजबुजलो, "आई, तुझ्यामुळे मला टॅटू मिळाला. फुकट."

ती हसली नाही. बाबा म्हणाले, "एकच गोष्ट सांगितली होती तिने." बास, एवढंच. त्यानंतर दोघं कितीतरी दिवस माझ्यामार्फत बोलत होते. ज्याला आवाज नाही त्याच्यामार्फत. आणि त्या दिवसापासून आईने माझ्या अंगाला हात लावणं बंद केलं. तेलाची वाटी बाथरूमच्या दाराशी ठेवायची. "लाव तुझं तू."

रिव्हिजन शून्य

टॅटूची गंमत खरं तर तिला हसवायला म्हणून काढली होती, पण डोक्यात बसली. छातीचा बोर्ड तर तयारच होता. चार ठिपके कोणीतरी दिलेले. त्यांतून आपलं काहीतरी काढायचं. मी वहीत सुरू केलं. विंचू काढला, तो झुरळ झाला. मैना काढली, ती कोंबडी झाली. आई लांबूनच म्हणाली, "काढायचंच असेल तर गणपती काढ. पण काढूच नको."

मग मी भोंगा काढला. कारखान्याच्या छतावरचा, कर्णा आणि खाली खांब. बाबा पेपर वाचत होते. वाचता वाचता वहीत डोकावले आणि त्यांना ते सहन झालं नाही.

"हे काय आहे?"

मी छातीवर हात ठेवून दाखवलं.

"ते कळलं. पण भोंगा असा असतो? याला बेस कुठे आहे? बोल्ट कुठे आहेत? हा तर पहिल्या हवेत उडेल."

त्यांनी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर, पण हा बोर्ड त्यांनी टाकला नव्हता. ट्रेनी असताना त्या भोंग्याच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग त्यांनीच केलं होतं. चोवीस वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.

"शर्ट काढ."

ट्रेसिंग पेपर छातीवर ठेवला, चारही ठिपके पेन्सिलने उचलले. स्टीलची पट्टी गार होती. मधले दोन ठिपके जोडून बारीक तुटक रेघ मारली. "ही तुझी सेंटर लाइन. सगळं हिच्यापासून मोजायचं." कुशीतले ठिपके कामाचे नव्हते, तरी त्यांनी ते दाखवले. ड्रॉइंगमध्ये काही लपवायचं नसतं म्हणे. कोपऱ्यात चौकट आखली. काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी. पहिल्या घरात सही केली. "रिव्हिजन शून्य," म्हणाले. "आता डॉक्टरांना विचार."

मी प्रत्येक व्हिजिटला विचारायचो. मोबाइलवर टाइप करून स्क्रीन पुढे धरायचो: सर, टॅटू? डॉक्टर लिहिता लिहिता पेन हलवायचे. "अभी बिल्कुल नहीं, हीरो. इन्फ़ेक्शन हो जाएगा. पहले काउंट आने दो."

काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, औषधाने तो पडतो. आमचा हा ठरलेला जोक झाला. आणि तेवढे दिवस, जोपर्यंत ते नाही म्हणत होते, तोपर्यंत सगळं ठीक होतं. हे तेव्हा कळलं नाही.

कारण

ड्रॉइंग बदललं की कोपऱ्यातल्या तक्त्यात रिव्हिजनचा नंबर टाकायचा आणि पुढे कारण लिहायचं. बाबांच्या ऑफिसचा नियम.

रिव्हिजन एक. कारण: वजन कमी. छाती आत गेली, मापं सहा मिलीमीटरने हुकली.

फेब्रुवारीत स्कॅन झाला. गाठ पुन्हा वाढत होती आणि शेजारी एक नवी होती. डॉक्टरांनी टोपण लावलं, चष्मा वर ढकलला. "देखते हैं, दूसरी दवा." घरी भाजी निवडताना तिने मेथीच्या जुडीला विचारावं तसं विचारलं, "त्या चार दिवसांत वाढलं असेल का रे?"

"नाही गं," मी कुजबुजलो.

पुढच्या वेळी तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नहीं माताजी, चार दिन से कुछ नहीं होता. तिने ममता दीदीला विचारलं. तीही नाही म्हणाली. आईने मान हलवली, घरी आली आणि कॅलेंडर काढून पुन्हा मोजलं. चारच येत होते. मला तिला सांगायचं होतं की आई, मी बघत होतो, मी थांबवलं नाही. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तेही स्वतःवरच घेतलं असतं.

रिव्हिजन दोन. कारण: सूज. स्टिरॉइडने मी फुगलो.

रिव्हिजन तीन. कारण: नळी बसवली. गळ्याखाली उजवीकडे औषधाची नळी आली, त्यामुळे कर्ण्याचं तोंड डावीकडे वळवावं लागलं. "खरा भोंगापण डावीकडेच आहे," बाबा म्हणाले. खरा उजवीकडे आहे.

बनवा लो

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मी आणि बाबा गेलो होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, "अब दवा को थोड़ा आराम देते हैं." बाबांनी मान डोलावली. आराम म्हणजे चांगलंच.

मी सवयीने स्क्रीन पुढे केली. सर, टॅटू?

त्यांनी टोपण लावलं. चष्मा वर ढकलला. आणि म्हणाले, "बनवा लो, बेटा. छोटा-सा. सुई नई हो, बस. जो मन करे, कर लो."

दीड वर्ष मी हीरो होतो. त्या दिवशी बेटा झालो.

कॉरिडॉरमध्ये बाबा खूश. "दिली ना परवानगी! मी म्हटलं नव्हतं? बाग सेवनियात एक दुकान आहे, मी पाहून ठेवलंय, स्वच्छ वाटतं. ड्रॉइंग एकास एक करून देतो, त्याला नुसतं उतरवायचं..." खाली पोचेपर्यंत असंच. लिफ्टची लाइन, पार्किंग, स्कूटर. हेल्मेट घातलं, किल्ली लावली, आणि किल्लीवर हात तसाच राहिला.

"काउंट किती आहेत, विचारलं का तू?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"त्यांनीपण नाही सांगितलं."

नाही सांगितलं. आता औषधच द्यायचं नव्हतं, तर काउंट कशाला बघायचे. देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. बाबांनी हेल्मेट काढलं नाही, काच खाली ओढून घेतली. मागून लोक हॉर्न वाजवत होते. आम्ही बराच वेळ त्या बंद स्कूटरवर बसून राहिलो, मी मागे, ते पुढे, कुठेतरी चाललोय असे.

संध्याकाळी बाबांनी आईला स्वयंपाकघरात सांगितलं. मी बाहेर होतो. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग बाबा बोर्ड घेऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून मापं घेतली. रिव्हिजन चार. कारणाच्या घरात काही लिहिलं नाही. मी बोट ठेवलं.

"फायनल आहे," ते म्हणाले. "फायनलला कारण लागत नाही."

काढलं: त्यांची सही. तपासलं: माझी. मंजूर: त्यांनी पेन आईपुढे धरलं. महिनोन्‌महिने ही दोघं एकमेकांशी मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होती. आईने हात पदराला पुसला, चष्मा आणायला गेली, आणि बँकेत करते तशी पूर्ण नावाची सही केली.

गारंटी

दुकान मोबाइल रिपेअरिंगवाल्याच्या वर. टॅटूवाला फैजान, माझ्याच वयाचा. त्याने ड्रॉइंग हातात घेतलं आणि खुर्चीत नीट बसला. "भाई, लोग शेर लाते हैं, बिच्छू लाते हैं. ये पहली बार है कि नक़्शा पास होके आया है."

बाबा पट्टी घेऊन शेजारी उभे. कागदाचा छाप छातीवर उमटला तसे वाकले. "एक एमएम नीचे है."

"अंकल, एक एमएम से क्या होता है?"

मी झोपल्या झोपल्या बाबा झालो. भुवया जवळ, नाकावर घसरलेला चष्मा, अंगठा आणि बोट यांच्यात धरलेला एक मिलीमीटर. आवाज लागतच नाही. आई फसकन हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा. बाबा म्हणाले, "हसू नका, हलतोय तो," आणि छाप पुसून पुन्हा लावायला लावला.

दुखतं. हाडावर जास्त दुखतं. पण या दोन वर्षांत मी पैज लावून सांगतो, हे एकच दुखणं मी मागून घेतलं.

मधले दोन ठिपके बेसचे बोल्ट झाले. त्यांच्यावर खांब, त्यावर कर्णा. आई इतका वेळ दाराशी होती, ती जवळ आली. "धोने से जाएगा नहीं ना?"

फैजान सगळ्यांना सांगतो तेच बोलला, मान वर न करता. "अरे आंटी, लाइफ़टाइम गारंटी है. जब तक भैया हैं, तब तक ये है."

सुई चालू राहिली. बाबा पट्टीकडे बघत होते. मी हसलो, म्हणजे माझ्या छातीतून ती बारीक थरथर निघाली. भोंग्याच्या शेवटची, जी मला सहावीत जमली नव्हती. आता तेवढीच जमते.

फैजानने मलम दिलं. घासायचं नाही, भिजवायचं नाही, हलक्या हाताने लावायचं. आईने ते तीनदा विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग, खाली बघत, "और तेल? तेल कब लगा सकते?"

"दो-तीन हफ़्ते में चमड़ी भर जाएगी, आंटी. फिर जो चाहे लगाओ."

आईने बोटांवर मोजलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग यंदा मी लावीन."

दिवाळीला पाच आठवडे आहेत. कातडी तीन आठवड्यांत भरते. बाकीचं मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.